मिरर आहे, तरी सर्व्हर उठत नाही: बूट डिस्कच्या मिररिंगमधला नेहमीचा बिघाड

लक्षणं

सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, दोन्हींवर लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड-१ म्हणजे मिरर (तोच डेटा दोन्ही डिस्कवर) आहे आणि सगळं वर्षानुवर्षं नीट चाललंय. एका दुपारी वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते, वीज परत येते आणि पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो. किंवा ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा, ‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट येऊन थांबतो. किंवा बूट करण्याजोगी डिस्कच सापडत नाही, असं मशीन सांगतं. मला फोन येतो तो बहुधा याच वेळी: “भाऊ, मशीन चालूच होऊन नाही राह्यली. डिस्क तर दोन हायेत ना!”

याच बिघाडाची आणखी रूपं आहेत. ग्रबचा मेन्यू दिसतो, कर्नल (लिनक्सचा मूळ गाभा) सुरू होतो, मग दीड मिनिट काहीच हलत नाही आणि शेवटी इमर्जन्सी मोड, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरती अवस्था, येतो. किंवा सर्व्हर उठतो, पण मिररच्या एमडी० या नावाच्या जागी एमडी१२७ असं भलतंच नाव दिसतं आणि त्यात एकच डिस्क असते. किंवा दर काही आठवड्यांनी तीच ती डिस्क मिररमधून बाहेर पडते. परत जोडली की सिंक (दुसऱ्या डिस्कवरून तिच्यावर होणारी कॉपी) पूर्ण होतो, सगळं ठीक दिसतं आणि पुन्हा तेच.

सगळ्यांत धोक्याचं रूप वरवर सगळ्यांत चांगलं दिसतं. सर्व्हर झटकन उठतो, लॉगिन होतं, पण डेटा जुना असतो. कालची बिलं नाहीत, गेल्या आठवड्यातले रिपोर्ट नाहीत. म्हणजे मशीन कधीचीच मिररबाहेर पडलेली डिस्क घेऊन उठलंय. असं दिसलं तर कुणालाही नवी नोंद करू देऊ नका, सर्व्हर नीट शटडाउन करा आणि सरळ या लेखाच्या शेवटच्या भागाकडे या.

हे होतं कशामुळे

मिरर बहुतेक ठिकाणी पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या एका भागाचा असतो, अख्ख्या डिस्कचा नसतो. बूटची सुरुवात मात्र पार्टिशनच्या बाहेर होते. जुन्या बायॉस पद्धतीत (बायॉस म्हणजे मशीन चालू होताच चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमधले ४४६ बाइट बूट कोडचे असतात, ६४ पार्टिशन टेबलचे आणि उरलेले २ खुणेचे. ग्रबचा पुढचा तुकडा त्यामागच्या मोकळ्या जागेत बसतो. जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलाची डिस्क असेल तर त्यासाठी १ एमबीचं छोटं वेगळं पार्टिशन ठेवतात. यातलं काहीही मिररमध्ये नसतं. यूईएफआय मशीनवर, म्हणजे बायॉसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीत, बूटची फाइल ईएफआय पार्टिशनमध्ये असते आणि मदरबोर्डच्या फर्मवेअरला (त्याच्यावर आधीच बसवलेल्या प्रोग्रामला) लिनक्सचा रेड कळत नाही. त्याला फक्त साधं फॅट फाइल सिस्टिमचं पार्टिशन कळतं.

डेटा दोन्हीकडे अक्षरशः सारखा असतो, पण मशीन उठवणारा भाग अनेकदा एकाच डिस्कवर असतो. ती डिस्क गेली की दुसरीवरचा सगळा डेटा शाबूत असूनही मशीन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मिरर लावून झाला म्हणजे काम झालं असं समजलं जातं, पण दुसऱ्या डिस्कवरून मशीन प्रत्यक्ष उठवून पाहिल्याशिवाय ते अर्धंच झालेलं असतं.

नागपुरात अशी कामं मे-जूनमध्ये जास्त निघतात, त्याचं कारण सरळ आहे. खराब होत आलेली डिस्क चालू मशीनमध्ये बरेच दिवस तग धरते. रीस्टार्ट झाला की तिचं खरं रूप कळतं. पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी वीज गेली की एसी बंद पडतो, यूपीएस संपतो आणि तो रीस्टार्ट सक्तीचा होतो. हिंगण्याच्या एमआयडीसीतला कारखाना असो, रामदासपेठेतली पॅथॉलॉजी लॅब असो की कळमन्यातल्या अडत्याची गादी, गोष्ट तीच असते.

तपासणी, सोप्यापासून अवघडाकडे

कमांडची नावं इथे बोलताना उच्चारतो तशी लिहिली आहेत. प्रत्येकीचे नेमके पर्याय मॅन पेजवर (त्या कमांडच्या लिनक्समधल्या माहितीपानावर) पाहूनच चालवा.

सर्व्हर अजून चालू असेल तर सगळ्यांत आधी एकच गोष्ट: तो रीस्टार्ट करू नका. आधी बॅकअप घ्या, तोही बाहेरच्या डिस्कवर. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते.

मग प्रॉक फोल्डरातली एमडीस्टॅट ही फाइल वाचा. याला पैसा लागत नाही, काही बिघडत नाही आणि निम्मा उलगडा इथेच होतो. प्रत्येक मिररपुढे चौकटी कंसात दोन यू दिसले तर दोन्ही बाजू जाग्यावर आहेत. एका यूच्या जागी अधोरेषा असेल तर एक बाजू गेलेली आहे. डिस्कच्या नावापुढे कंसात एफ असेल तर कर्नलने ती खराब ठरवून बाहेर काढलीय. बूट, रूट (मूळ सिस्टिम) आणि स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची जागा) यांचे मिरर वेगवेगळे असतील तर प्रत्येक ओळ वाचा. एक मिरर धड आणि दुसरा तुटका, हे अगदी नेहमी दिसतं, कारण कर्नल डिस्क नव्हे तर त्या त्या मिररमधलं पार्टिशन बाहेर काढतो.

त्यानंतर एमडीअ‍ॅडम एक्झामिन ही मिररची नोंद वाचणारी कमांड दोन्ही डिस्कच्या पार्टिशनवर चालवा आणि ‘इव्हेंट्स’चा (मिररमधल्या बदलांच्या मोजणीचा) आकडा व ‘अपडेट टाइम’ लिहून घ्या. आकडा मोठा आणि वेळ ताजी असलेली बाजू खरी. दुसरी बाजू तीन महिने मागे असेल तर ती तीन महिन्यांपूर्वीच पडली होती आणि कुणाला कळलं नाही. हा कागद जपून ठेवा. पुढे कोणती डिस्क कोणावर लिहायची, हे यावरच ठरतं.

मशीन उठतच नसेल तर पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढा आणि बायॉसमध्ये जा. बूटच्या क्रमात दुसरी डिस्क आहे का, ते बघा. बऱ्याच मदरबोर्डांवर ‘हार्ड डिस्क’ हा एकच पर्याय दिसतो आणि त्याच्या आत कोणती डिस्क आधी, याची वेगळी यादी असते. ती उघडून बघायला लोक विसरतात. बूट मेन्यूतून दुसरी डिस्क हातानं निवडा. तेवढ्यानं मशीन उठलं तर बूटलोडर दोन्हीकडे आहे आणि गडबड फक्त क्रमाची होती.

तिथेच तारीख बघून घ्या. घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असेल तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बटन बॅटरी संपलीय. मग वीज गेल्यावर बायॉसच्या सेटिंग मूळ पदावर येतात, बूटचा क्रम बदलतो आणि काही बोर्डांवर साटा पोर्टचा (डिस्कची केबल लागते त्या जागेचा) मोडही बदलतो. बॅटरी सीताबर्डीत कुठल्याही घड्याळजीकडे मिळते. मी ती आधी बदलतो, कारण क्रम दुरुस्त करून निघून गेलं की पुढच्या वीजकपातीत तोच फोन पुन्हा येतो.

पुढे केबल. तीच डिस्क पुन्हा पुन्हा बाहेर पडत असेल तर नवी डिस्क घेण्याआधी स्मार्टसीटीएल या कमांडने तिचे स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते ते, आकडे वाचा. मला चार आकडे महत्त्वाचे वाटतात. क्रमांक १९९ म्हणजे सीआरसी चुका. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडला की हा वाढतो. याचा दोष बहुधा केबलकडे, ढिल्या कनेक्टरकडे किंवा पॉवरच्या जोडाकडे जातो. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून नुसता ‘आहे’ एवढ्यावर निर्णय घेऊ नका. आज लिहा, केबल बदला आणि चार दिवसांनी पुन्हा वाचा. थांबला असेल तर डिस्क निर्दोष. उरलेले तीन, ५, १९७ आणि १९८, हे खुद्द डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल बोलतात: बदललेले सेक्टर, वाचता न आल्यानं ताटकळलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. १९७ शून्यावरून वर आला असेल आणि ५ वाढत असेल तर ती डिस्क राहणार नाही. तिच्यावर केबलचे प्रयोग करण्यात वेळ घालवू नका.

सर्व्हरच्या खोलीत एसीऐवजी वाळ्याचा कूलर लावलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. कळकळीनं सांगतो, तो काढा. कूलरची हवा ओली असते, तिच्याबरोबर धूळ येते आणि दोन्ही मिळून कनेक्टरवर थर बसवतात. बहुतेक फिरत्या डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. बंद कॅबिनेटमध्ये, उन्हाच्या भिंतीला लागून ठेवलेला सर्व्हर तिथवर सहज पोहोचतो. कूलरपेक्षा कॅबिनेटचं दार उघडून ठेवलेलं आणि साधा पंखा बरा; एसी असेल तर उत्तमच.

केबल बदलली, स्मार्टचे आकडे स्वच्छ आहेत, तरीही डिस्क पडते का? मग ती घरगुती वापराची डिस्क आहे का ते बघा. अशी डिस्क एखादा अवघड सेक्टर वाचायला दोन मिनिटांहून जास्त झगडत बसू शकते. लिनक्स मात्र ठरावीकपणे ३० सेकंद थांबतो आणि मग रीसेट करून तिला नापास ठरवतो. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून चूक कळवतात आणि मिरर तोच सेक्टर दुसऱ्या बाजूनं आणून दुरुस्त करतो. स्मार्टसीटीएलच्या एससीटीईआरसी पर्यायाला ७० दिलं की ७ सेकंदांची मर्यादा बसते. डिस्कला ते जमत नसेल तर कर्नलची वाट पाहण्याची वेळ १८० सेकंद करा. पॉवर गेली की ही सेटिंग बहुतेक डिस्क विसरतात, म्हणून बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ती टाकावी लागते.

आता मुख्य गोष्ट, बूटलोडर

इथवर काही सापडलं नाही तर, आणि सापडलं असेल तरीही, हा भाग करायचाच.

आधी मशीन कोणत्या पद्धतीनं उठतं ते ठरवा. सिस फोल्डरातल्या फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर बायॉस. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसरीकडे केला तर काहीच हाती लागत नाही.

बायॉस असेल तर ग्रब-इन्स्टॉल ही कमांड दोन्ही डिस्कवर चालवायची. अख्ख्या डिस्कवर, पार्टिशनवर नव्हे. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर एवढं पुरत नाही. तिथे ग्रब-पीसी हे पॅकेज डीपीकेजी-रीकॉन्फिगर या कमांडने पुन्हा उघडायचं आणि यादीतल्या दोन्ही डिस्कवर खूण करायची, कारण पुढे अपडेट आलं की ग्रब फक्त खूण केलेल्या डिस्कवर नव्यानं लिहिला जातो. खूण एकाच डिस्कवर असेल तर दुसरीवर ग्रबचा जुना गाभा राहतो, पण त्याची मॉड्यूलं (वेगळ्या फाइलींतले सुटे भाग) मिररमध्ये असल्यानं ती नवी होतात. जुना गाभा आणि नवी मॉड्यूलं जुळत नाहीत आणि ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ म्हणत मशीन ग्रब रेस्क्यूवर अडकतं. जुलै २०२० मध्ये ग्रबमधल्या बूटहोल या सुरक्षा-त्रुटीसाठी अपडेट आलं, तेव्हा ही खूण चुकलेली कितीतरी मशीनं ‘ग्रब_कॅलॉक’ सापडत नाही असं सांगत थांबली होती. म्हणून सुरुवातीला बरोबर लावलेला मिररही दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या डिस्कवरून उठेलच असं धरून चालू नका.

यूईएफआय असेल तर दुसऱ्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन आहे का ते बघा. अनेकदा असतं, पण रिकामं असतं. इथे दोन रस्ते आहेत. एक, दोन्ही ईएफआय पार्टिशनांचा मिरर करायचा, पण मेटाडेटा (रेडची स्वतःची नोंद) १.० या प्रकाराचा घेऊन. त्यात रेडची नोंद पार्टिशनच्या शेवटी बसते आणि फर्मवेअरला पुढून पाहताना साधं फॅट दिसतं. १.२ हा नेहमीचा प्रकार सुरुवातीपासून ४ केबीवर नोंद लिहितो आणि डेटा त्याच्या मागे सुरू करतो, म्हणून तो इथे चालत नाही. दुसरा रस्ता, दोन स्वतंत्र पार्टिशन ठेवायची आणि ग्रबच्या प्रत्येक अपडेटनंतर पहिलीवरचं दुसरीवर कॉपी करायचं. मला दुसरा पसंत आहे. फर्मवेअर स्वतःहून ईएफआय पार्टिशनवर काही लिहू शकतं, तेव्हा मिररच्या दोन बाजू लिनक्सच्या नकळत वेगळ्या होतात.

मग ईएफआयबूटएमजीआर या कमांडनं दुसऱ्या डिस्कची वेगळी नोंद करा. शिवाय ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात बूटएक्स६४ या नावानं बूटलोडरची एक प्रत ठेवा. बोर्डाच्या स्मृतीतल्या नोंदी पुसल्या गेल्या तर फर्मवेअर शेवटी याच नावाची फाइल शोधतं. सिक्युअर बूट (फक्त सही केलेला बूटलोडर चालू देणारी सोय) सुरू असेल तर इथे ग्रब नव्हे तर शिम या सही केलेल्या छोट्या बूटलोडरची फाइल या नावानं ठेवायची आणि ग्रब तिच्या शेजारी.

इमर्जन्सी मोडवर अडकणाऱ्या मशीनचं दुखणं बहुधा एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटच्या वेळी कोणती पार्टिशन जोडायची त्या यादीत, असतं. पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) तिथे लिहिलेला असतो. डिस्क गेली की सिस्टिमडी, म्हणजे बूटच्या वेळी सगळं सुरू करणारा प्रोग्राम, ९० सेकंद तिची वाट बघतो आणि हात टेकतो. त्या ओळीत नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय टाका. स्वॅपही बघा. स्वॅप एकाच डिस्कवर असेल, मिररमध्ये नसेल, तर ती डिस्क जाताना चालू मशीनलाही घेऊन जाते. एमडी१२७ दिसत असेल तर एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिग फाइलमधल्या नोंदी दुरुस्त करून इनिट-रॅमएफएस (कर्नलसोबत आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टिम) नव्यानं बनवा: डेबियनवर अपडेट-इनिटरॅमएफएस, रेड हॅटच्या घराण्यात ड्रॅकट.

डिस्क बदलताना

नवी डिस्क जुनीपेक्षा एका सेक्टरनंही लहान नको. १ टीबीच्या डिस्कमध्ये साधारणपणे १९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा हा आकडा जुळवा.

काढायची डिस्क तिच्या सीरियल क्रमांकावरूनच ओळखा. लिनक्सनं डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात. पहिली डिस्क मेली की दुसरीच पुढच्या बूटला एसडीए होते आणि घाईत धडधाकट डिस्क काढली जाते. जीपीटीचं पार्टिशन टेबल एसजीडिस्क या कमांडच्या मोठ्या (कॅपिटल) आर पर्यायानं कॉपी करतात, आणि त्यातला क्रम भल्याभल्यांना फसवतो: आरनंतर लगेच नवी, रिकामी डिस्क, शेवटी जुनी, भरलेली. उलटं झालं तर चांगल्या डिस्कचं पार्टिशन टेबल जातं. त्यानंतर मोठ्या जीनं नव्या डिस्कचे ओळख-क्रमांक बदलायचे, नाहीतर दोन्ही डिस्क एकाच ओळखीच्या राहतात.

पार्टिशन मिररमध्ये जोडली की सिंक सुरू होतो. १ टीबीच्या फिरत्या डिस्कला मोकळ्या मशीनवरही दोन-तीन तास लागतात, काम चालू असेल तर कितीतरी जास्त. तेवढ्या वेळात एसी चालू ठेवा, कारण जुन्या डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचला जाणार असतो आणि तिचाही शेवट याच वेळी होऊ शकतो. सिंक संपला की वरचा बूटलोडरचा भाग नव्या डिस्कवर पहिल्यापासून करा. नवी डिस्क कोरी असते. तिच्यावर ग्रब आपोआप येत नाही.

खरी चाचणी

सिंक पूर्ण झाल्यावर, बॅकअप हातात असताना, रविवारी मशीन बंद करा, पहिली डिस्क काढा आणि फक्त दुसरीवर उठवा. उठलं की बंद करा, पहिली परत जोडा आणि उठल्यावर तिला मिररमध्ये घ्या. सिंक पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतरच दुसरी काढून पहिलीची चाचणी घ्या. मधला सिंक गाळून दोन्ही डिस्क आळीपाळीनं एकेकट्या उठवल्या तर दोन्हींवर वेगवेगळं लिहिलं जातं आणि नंतर कोणती खरी हे मशीनला ठरवता येत नाही.

एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिगमध्ये ईमेलचा पत्ताही भरा आणि मॉनिटरच्या टेस्ट पर्यायानं चाचणीचा मेल पाठवून तो पोहोचतो का बघा. पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

सोलारिस किंवा एआयएक्स असेल तर

या लिनक्सऐवजी वापरल्या जाणाऱ्या युनिक्स सिस्टिम. नावं वेगळी, दुखणं तेच. सोलारिसच्या व्हॉल्यूम मॅनेजरमध्ये स्टेट डेटाबेसच्या (मिररच्या स्थितीच्या नोंदीच्या) प्रती असतात. निम्म्या शिल्लक असतील तर चालू मशीन चालत राहतं, पण बूट व्हायला निम्म्याहून एक जास्त लागते. दोन डिस्कवर समसमान प्रती ठेवल्या आणि एक गेली तर मशीन सिंगल यूजरमध्ये थांबतं; तिथे मेटाडीबीनं मेलेल्या प्रती काढून रीबूट करायचं. दुसऱ्या डिस्कवर स्पार्क प्रोसेसरच्या मशीनमध्ये इन्स्टॉलबूट आणि इंटेलच्या मशीनमध्ये इन्स्टॉलग्रब झालंय का ते बघा, आणि स्पार्कवर ओपन बूट या तिथल्या फर्मवेअरच्या बूट-डिव्हाइसमध्ये दोन्ही डिस्कची नावं हवीत. एआयएक्सवर मिररव्हीजी या कमांडनं मिरर केल्यानंतर बॉसबूट (बूटचा भाग लिहिणं) आणि बूटलिस्ट (बूटचा क्रम ठरवणं) या दोन पायऱ्या राहून जातात.

कुठे थांबायचं

डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल तर वीज बंद करा. पुन्हा सुरू करून बघू नका. प्रत्येक वेळी पृष्ठभाग आणखी खरवडला जातो. दोन्ही डिस्कवर १९७ चा आकडा वाढत असेल, एक्झामिनला दोन्हीकडे रेडची नोंदच सापडत नसेल किंवा दोन्ही बाजू वेगवेगळ्या उठून दोन्हींवर नव्या नोंदी झाल्या असतील, तर तिथेच थांबा. जुना डेटा दाखवणारं मशीन याच शेवटच्या प्रकारात मोडतं. हे डेटा रिकव्हरीच्या जाणकाराचं काम आहे. मिररच्या खाली हार्डवेअर रेड कार्ड (रेड स्वतःच सांभाळणारं कार्ड) निघालं तर सर्व्हरच्या कंपनीच्या इंजिनिअरला बोलवा; त्या कार्डाच्या मेन्यूत अंदाजानं ‘हो’ दाबू नका. बॅकअप नसेल आणि डेटा रुग्णांचा किंवा पगाराचा असेल, तर लक्षण किरकोळ वाटलं तरी बोलवा.

तोवर दोन गोष्टी अजिबात करू नका. एमडीअ‍ॅडम क्रिएट ही कमांड जुन्या डिस्कवर चालवू नका. ती नवी रेड नोंद लिहिते, डेटाची सुरुवात सरकवू शकते आणि सिंक सुरू करून एक बाजू दुसऱ्या बाजूनं झाकून टाकते. आणि माउंट होत नसलेल्या मिररवर एफएससीके (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका.

येणाऱ्या माणसाच्या हातात दोन्ही डिस्कचे सीरियल क्रमांक, कोणती कोणत्या पोर्टवर होती ते, एक्झामिनचे आकडे, स्मार्टचे आकडे आणि पडद्याचे फोटो द्या. डिस्कवर पेननं १ आणि २ लिहून ठेवा, आणि शेवटचं बरोबर चाललेलं आठवतं ती तारीखही सांगा.